राजाच्या लाल टाचा आणि तुझी स्केचेस

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझी स्केचेस पाहिली. हात छान बसलाय, कापड कुठे पडेल आणि कुठे फुगेल ते तुला दिसतं. पण तुमच्या नाटुकल्याची गोष्ट घडतेय अठराव्या शतकातल्या फ्रेंच दरबारात, आणि तू नायिकेला दिला आहेस आडवा पसरलेला जाळीचा टूटू आणि टोकावर उभं राहायचे बॅले शूज. दोन्ही एकोणिसाव्या शतकातले. तुझी नायिका अजून टाचेच्या बुटांत आहे, मुली!

नेटवर गाऊन शोधत बसू नकोस. एकच चित्र उघड: चित्रकार रिगोने १७०१ मध्ये रंगवलेला फ्रान्सचा राजा चौदावा लुई. साठी उलटलेला राजा, डोक्यावर हा एवढा विग, अंगावर अर्मिनचं, म्हणजे पांढऱ्या फरचं, अस्तर लावलेला जड झगा. आणि तो झगा मुद्दाम बाजूला सारून दाखवलंय काय? पाय! पांढरे मोजे, लाल टाचांचे बूट आणि पावलं नर्तकासारखी बाहेर वळवलेली. हा गृहस्थ चौदाव्या वर्षी, १६५३ मध्ये, सूर्य बनून बॅलेत नाचला होता आणि १६६१ मध्ये त्याने नृत्याची अकादमीच काढली. दरबारात लाल टाच ही मानाची खूण होती. वळवलेल्या पावलांचं सौंदर्य पुढे बॅलेचं व्याकरण झालं. पण आधी ती राजाची ऐट होती. तुझ्या स्केचमधल्या सगळ्या पुरुषांचे पाय झग्यात गडप आहेत. ते आधी बाहेर काढ.

आता बायकांकडे येऊ. कमरेच्या दोन्ही बाजूंना वेताच्या किंवा देवमाशाच्या तोंडातल्या लवचिक पट्ट्यांच्या कमानी बांधायच्या आणि त्यावर घागरा चढवायचा, त्याला पानिये म्हणत. समोरून पाहिलं तर बाई दीड-दोन मीटर रुंद, बाजूने पाहिलं तर सपाट. दारातून आडवं होऊन जायचं. आपला शिंपी घेरासाठी कॅनकॅन लावतो, तेवढ्यावर भागवू नकोस. त्याने घेर गोल होतो आणि सगळी गंमत जाते. आपल्या लावणीवालीला नऊवारीचा काष्टा पाय मोकळे करून देतो, इथे नेमकं उलटं आहे: पोशाख पाय झाकतो, कंबर आवळतो, खांदे मागे खेचतो. उरतं काय? मनगटं, मान आणि जमिनीवरून सरकत जाणं. मिन्युएट या दरबारी नाचातली ती लहान लहान पावलं आणि ते संथ झुकणं पाहून तुम्हा मुलांना हसू येतं, मलाही येतं. पण तो घागरा बांधून बघ, दुसरं काही करताच येत नाही.

म्हणून माझा हट्ट: पहिल्या तालमीपासून पानिये बांधून तालीम करा. पट्ट्या मिळाल्या नाहीत तर वेत घ्या, नाहीतर प्लास्टिकची नळी घ्या, वर जुनी चादर टाका, चालेल. प्रयोगाच्या आदल्या दिवशी ड्रेपरीवाल्याकडून कपडे आले की मुली विंगेत अडकतात, हे दर वर्षीचं आहे. खुद्द दरबारात तरी वेगळं काय चालायचं? मादाम द ला तूर द्यु पँ या दरबारातल्या बाईने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. १७८७ मध्ये राणी मारी आंत्वानेतसमोर पहिल्यांदा हजर व्हायचं, तर आधी नृत्यशिक्षकाकडे शिकवणी. तिने घेर आणि मागे लोळणारा पायघोळ बांधलेला. आणि राणी कोण? तो धिप्पाड मास्तरच, केसांना पावडर लावून, फुगीर परकर नेसून खोलीच्या टोकाला उभा! तिने हातमोजा काढून झुकायचं, त्याने राणीसारखा हात करून तिला अडवायचं, आणि मग तिने मागे मागे चालत परत यायचं, पायघोळात पाय न अडकवता. हा प्रसंग तुमच्या नाटुकल्यात घाल, असं मी म्हणणार नाही. पण घातलास तर मी पहिल्या रांगेत आहे.

पुरुषांनी हसू नये. रंगमंचावरचे देव आणि वीर कमरेला ताठ, फुगीर झालर बांधून नाचत. तिला तॉनले म्हणत, वर पिसांचा तुरा आणि चेहऱ्यावर मुखवटा. हौसेला तोटा नव्हता: १७४५ मध्ये व्हर्सायच्या राजवाड्यातल्या एका बॉलला, म्हणजे नाचाच्या समारंभाला, पंधरावा लुई कातरलेलं झाड होऊन आला होता. माणसाएवढं हिरवं झुडूप. त्यात तो नाचला कसा, हा विचार तू वेशभूषाकार म्हणून कर.

आता ज्यांनी हे कपडे उतरवायला सुरुवात केली, त्या दोघींकडे. तुझी नायिका यांच्यातूनच घडवता येईल. मारी कामार्गो १७२६ मध्ये पॅरिसच्या ऑपेरात पहिल्यांदा नाचली. हवेत उडी मारून पाय झटपट एकमेकांपुढे-मागे करायचे, हे तोवर पुरुषांचं काम. ते ती करायची. आता पाय एवढे चालतात आणि घागरा पायघोळ, मग दाखवायचे कोणाला? तिने घागऱ्याची कड वर घेतली, घोट्याच्या जरा वर, बस. आज तुला त्याचं काही वाटणार नाही. तेव्हा केवढी चर्चा झाली! चित्रकार लांक्रेने काढलेलं तिचं चित्र बघ: घेर पूर्ण दरबारी, फुलांच्या माळा, आणि खाली ते पाऊल नेमकं दिसतंय. तुझ्या स्केचमध्ये मला एवढंच हवंय, चार बोटं कड वर.

मारी साले वेगळ्या जातीची. तिने १७३४ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये पिग्मॅलियनची गोष्ट केली. मूर्ती जिवंत होते ती. मूर्तीला पानिये कसं असेल? तिने ते काढून टाकलं, केस मोकळे सोडले आणि ग्रीक पुतळ्यासारखी साधी मलमल अंगावर घेतली. त्या काळात उत्तम मलमल आपल्याकडूनच युरोपात जायची, तेव्हा कापडाच्या दुकानात तुला अभिमानाने भाव करता येईल. लंडनने तिला डोक्यावर घेतलं आणि पुढच्याच वर्षी ती पुरुषवेशात मदन होऊन आली तेव्हा हुर्यो केली. लेखक व्हॉल्तेरने कामार्गो आणि साले दोघींवर कविता केली: अप्सरा उड्या मारतात त्या कामार्गोसारख्या, पण सौंदर्यदेवता नाचतात त्या सालेसारख्या. मला कामार्गो जास्त आवडते, पण तो माझा प्रश्न.

मलमलीचं आणखी एक सांगते. १७८३ मध्ये मारी आंत्वानेतचं साध्या मलमलीतलं चित्र प्रदर्शनात लागलं आणि लोक चिडले, राणी आतल्या कपड्यांत बसली म्हणे. चित्र उतरवावं लागलं आणि रेशमी पोशाखातलं दुसरं लावलं. रंगमंचावरच्या बाईला जे साध्य झालं ते सिंहासनावरच्या बाईला पन्नास वर्षांनीही झालं नाही.

याच राणीला लहानपणी व्हिएन्नात नृत्य शिकवणारा मास्तर म्हणजे नोव्हेर. १७६० मध्ये त्याने नृत्यावर पत्रांचं पुस्तक छापलं आणि विग, मुखवटे, तॉनले, पानिये सगळ्यांना धारेवर धरलं. चेहरा झाकून भाव कुठून दाखवणार, हा त्याचा साधा प्रश्न. मुखवटा उतरला मात्र वेगळ्याच कारणाने. १७७२च्या सुमारास गार्देल नावाच्या नर्तकाला प्रसिद्ध व्हेस्त्रिसच्या जागी उभं राहायचं होतं. मुखवटा घातला तर टाळ्या व्हेस्त्रिसच्या नावे जातील, म्हणून गडी उघड्या चेहऱ्याने आणि स्वतःच्या केसांनी आला. सुधारणा विचारवंतांनी सुचवली आणि नटाच्या अहंकाराने अमलात आणली. नाटकवाल्यांना यात नवल वाटू नये.

केसांचं थोडक्यात: जहाजाची केशरचना मोह पाडते हे कबूल. १७७८च्या नौदलाच्या लढाईनंतर बेल-पूल हे फ्रेंच लढाऊ जहाज शिडांसकट बायकांच्या डोक्यावर आलं, चित्रं आहेत. ती दरबारातल्या एका बाईला दे, जी फक्त बसून राहील. नाचणाऱ्या मुलीच्या डोक्यावर गलबत ठेवलंस तर ते पहिल्या गिरकीत प्रेक्षकांत जाईल.

पुढच्या आठवड्यापर्यंत मापं पाठव. मुलींची कंबर आणि विंगेतल्या दाराची रुंदी, दोन्ही. आणि मुलांच्या पोटऱ्यांचा घेर घ्यायला विसरू नकोस. तेव्हाचे शौकीन पुरुष बारीक पोटऱ्यांवर मोज्याच्या आत गादी भरायचे. आपल्या पोरांना ती लागणारच, आणि शिवायला वेळ जातो.

तुझी,
मावशी