पांढरं हेल्मेट

चाकणच्या एका दवाखान्यात मी आठवड्यातून दोन दिवस समुपदेशनासाठी बसते. एमआयडीसीतून येणाऱ्या माणसांची एक काळजी मी इतक्यांदा ऐकली आहे की आता पहिल्या वाक्यातच ओळखू येते. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला, त्यांच्यावर आज साहेबगिरी कशी करायची? त्यांच्याविरुद्ध लिहून द्यायची वेळ आली तर मैत्री सांभाळायची की नोकरी? कुणी बढती घेऊ का म्हणून विचारतं, कुणी घेतलेली परत करता येते का म्हणून. ज्ञानेश्वर दुसऱ्या प्रकारातले. (नावं बदलली आहेत आणि हे लिहायला त्यांची परवानगी आहे.)

ते आले पित्ताच्या तक्रारीसाठी. दोन महिने गोळ्या घेऊनही छातीतली जळजळ थांबेना, रात्री तीनला जाग यायची ती यायचीच. डॉक्टरांनी त्यांना माझ्या खोलीत पाठवलं. वय 41, मूळचे लातूर जिल्ह्यातले, आयटीआय फिटर. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सोळा वर्षं प्रेस शॉपमध्ये काढलेली. दहा महिन्यांपूर्वी त्यांना लाईन सुपरवायझर केलं. पिवळं हेल्मेट गेलं, पांढरं आलं.

"ट्रेनिंग वगैरे काही दिलं का?" मी विचारलं.

"हेल्मेट दिलं की."

ते हे अगदी सरळपणे म्हणाले. मला मात्र ते वाक्य आजही बोचतं. उत्तम कारागीर बघायचा, त्याला एका सोमवारी सुपरवायझर करायचं आणि माणसं कशी सांभाळायची हे त्याचं त्यानं शिकावं म्हणून सोडून द्यायचं, ही आपल्याकडच्या कितीतरी कारखान्यांची रीत आहे. नवीन मशीन आलं की ते चालवायला शिकवण्यासाठी माणूस येतो. नवीन सुपरवायझरसाठी कुणी येत नाही.

बालाजी आणि ते एकाच गावचे. एकाच बसने पुण्याला आलेले, मोशीला एका खोलीत सहा जण राहायचे त्यातले दोघे. बालाजी त्यांना 'माऊली' म्हणायचे. बढतीनंतर बालाजी त्यांच्याच लाईनवर ऑपरेटर.

जुन्या पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच प्रेस खाली येते. प्रेस खाली येताना दोन्ही हात डायच्या, म्हणजे साच्याच्या, बाहेर असावेत, एवढ्याचसाठी ही सोय. बालाजींनी एका बटणाला टेप गुंडाळून ते कायमचं दाबून ठेवलं होतं. मग एका हाताने बटण दाबायचं, दुसऱ्या हाताने पत्रा सरकवायचा. काम भराभर होतं. बोटंही अशीच जातात. सेफ्टी ऑफिसरच्या फेरीत ते सापडलं आणि ज्ञानेश्वरांना लेखी रिपोर्ट द्यायला सांगण्यात आलं. त्यांनी दिला. बालाजी निलंबित झाले, कंपनीचं आरोपपत्र म्हणजे चार्जशीट निघाली, डोमेस्टिक इन्क्वायरी म्हणजे कंपनीची अंतर्गत चौकशी लागली.

दुसऱ्या दिवसापासून कॅन्टीनमध्ये त्यांच्या टेबलावर कुणी बसेना. बालाजी कागद घ्यायला गेटवर आले होते, तेव्हा समोरासमोर गाठ पडली. "त्यानं मला साहेब म्हणलं, मॅडम." इतकं बोलून ज्ञानेश्वर बराच वेळ गप्प बसले.

एचआरकडे ते जाऊन आले होते. उत्तर मिळालं, 'तुम्ही आता मॅनेजमेंटमध्ये आहात, जुनी मैत्री गेटबाहेर ठेवा.' हा सल्ला मला चुकीचा वाटतो आणि मी तो कुणालाही देणार नाही. माणूस गेटबाहेर अर्धा राहून आत येत नाही. सोळा वर्षांच्या ओळखीमुळेच तर त्याला लाईनवर कुणाचं काय दुखतंय ते कळतं.

या मधल्या जागेचं दुखणं नवं नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत जॉबर असायचा. माणसं भरती करणारा, बदल्या लावणारा, अडीनडीला पैसे देणारा आणि वेळेला ते वसूलही करणारा. कामगारांतूनच वर आलेला, पण मालकाच्या कामाचा. ती सत्ता इतकी वाढली की 1935 मध्ये गिरणीमालकांनी बदली कामगारांची, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी तात्पुरतं घेतलेल्यांची, भरती त्याच्या हातून काढण्यासाठी वेगळी नोंदणी सुरू केली. पुढे 1948 च्या कारखाने कायद्याने 500 किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक केलं. आज आपण एचआर म्हणतो त्या खात्याचं एक मूळ तिथे आहे, कामगाराचं गाऱ्हाणं ऐकण्यात. ज्ञानेश्वरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आमचे चुलते लालबागला होते. जॉबरचं नाव निघालं तरी थुंकायचे." आपण तसेच झालो, ही भीती त्यांच्या मनात कुठून आली होती, ते मला त्या दिवशी समजलं.

त्यांचा सगळ्यात मोठा घोर होता बालाजींच्या घरच्या हप्त्यांचा. "त्याचं घर बुडवलं मी." इथे थोडी माहितीच कामाला आली. चौकशी चालू असतानाचं निलंबन ही शिक्षा नसते. स्थायी आदेश, म्हणजे नोकरीच्या अटींचे लेखी नियम, लागू असलेल्या कारखान्यात त्या काळात निर्वाह भत्ता द्यावा लागतो. पहिले 90 दिवस निम्मा पगार, आणि त्यापुढे चौकशी कामगाराच्या दोषामुळे लांबली नसेल तर 75 टक्के. जुन्या कायद्यात हे होतं, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. चौकशी साधारणपणे 90 दिवसांत संपवावी असंही संहिता म्हणते. बालाजींना भत्ता मिळत होता, याची ज्ञानेश्वरांनी लाईनवरच्या एकाला विचारून खात्री करून घेतली. त्या आठवड्यात ते दोन रात्री झोपले.

पण जळजळ गेली नाही. तिसऱ्या भेटीला मी त्यांना रिपोर्टची प्रत आणायला सांगितली. त्यांनी मोठ्याने वाचून दाखवली. तारीख, शिफ्ट, मशीन नंबर, टेप, ऑपरेटरचं नाव. सगळं खरं.

"यात काय नाही?" मी विचारलं.

ते कागदाकडे बघत राहिले. मग हळूहळू बोलायला लागले. त्या महिन्यात शिफ्टचं टार्गेट 900 नगांवरून 1,150 वर गेलं होतं. दोन्ही बटणं दाबून तेवढे नग निघतच नाहीत, हे लाईनवर प्रत्येकाला माहीत होतं. आणि ती टेप त्यांनी स्वतः आठ दिवस आधी पाहिली होती. 'काढ रे ते' असं चालता चालता म्हणून पुढे गेले होते. यातलं काहीच रिपोर्टमध्ये नव्हतं.

इतके दिवस ते स्वतःला गद्दार म्हणवून घेत होते, रिपोर्ट दिला म्हणून. मला तसं वाटत नव्हतं. टेप लावलेल्या प्रेसबद्दल लिहिणं हे त्यांचं कामच होतं, आणि बालाजींची बोटं शाबूत आहेत यात त्या रिपोर्टचा वाटा आहे. हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. आत जळत होतं ते न लिहिलेल्या दोन ओळींमुळे. रिपोर्ट खरा होता, पण अर्धा होता, आणि उरलेल्या अर्ध्यात ते स्वतः होते.

त्यांना काय करायला सांगायचं, हे मी ठरवू शकत नव्हते. त्या दोन ओळी सांगितल्या तर मेमो त्यांनाही येणार. शिवाय एक गोष्ट त्यांना माहीत असणं गरजेचं होतं. कामगार म्हणून मिळणारं कायद्याचं संरक्षण सुपरवायझरला सरसकट मिळत नाही. नुसत्या हुद्द्यावरून ते ठरत नाही, मुख्य काम कोणतं ते बघतात. पण काम देखरेखीचं असेल आणि पगार ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल, तर माणूस 'कामगार' या व्याख्येबाहेर जातो. ही मर्यादा पूर्वी 10,000 रुपये होती, नव्या संहितेत 18,000 आहे. ज्ञानेश्वरांचा पगार त्याहून बराच जास्त. म्हणून मी त्यांना आधी कामगार कायद्याच्या वकिलांना भेटायला सांगितलं. बढती घेताना पत्रावर सही करण्याआधी हे कुणी विचारत नाही. विचारायला हवं.

दोन आठवडे ते आले नाहीत. मला चुटपुट लागली होती.

आले ते एक पत्र घेऊन. चौकशीत साक्ष देण्याच्या चार दिवस आधी ते एचआर मॅनेजरकडे गेले आणि म्हणाले, मला आणखी दोन गोष्टी सांगायच्या आहेत, चौकशीत सांगणारच आहे, तुम्हाला आधी कळावं म्हणून आलो. मॅनेजर चिडले. पण नंतर त्यांनीच प्रॉडक्शनचं रजिस्टर मागवलं आणि टार्गेट कधी वाढलं ते तपासलं. साक्षीच्या वेळी बालाजींच्या प्रतिनिधीने उलटतपासणीत विचारलं, "तुम्ही आधी पाहिलं होतं का?" ज्ञानेश्वर म्हणाले, "होय. आठ दिवस आधी."

हातातलं पत्र म्हणजे त्यांना मिळालेली लेखी ताकीद. पगारवाढीच्या वर्षात ती फाईलला लागली होती. ते नुकसान खरं आहे आणि मी ते लहान करून सांगणार नाही. बालाजींना चार दिवसांचं बिनपगारी निलंबन आणि ताकीद मिळाली, नोकरी राहिली. टार्गेट 1,000 वर आलं. 900 वर यायला हवं होतं, असं ज्ञानेश्वर अजूनही म्हणतात, आणि आता ते प्रॉडक्शन मीटिंगमध्येही म्हणतात.

असाच प्रश्न घेऊन येणाऱ्यांना मी हल्ली एक गोष्ट आवर्जून सांगते. पहिल्याच दिवशी आपल्या माणसांना एकत्र घेऊन बोला. मी काय पाहिलं तर तोंडी सांगेन, काय पाहिलं तर मला लिहावंच लागेल, हे त्यांना आधी कळू द्या. मशीनची सुरक्षा ही लिहायची गोष्ट आहे, पाच मिनिटांचा उशीर तोंडी सांगायची. ज्ञानेश्वरांनी हे दहा महिने उशिरा केलं, शिफ्टच्या सुरुवातीला, उभ्या उभ्या, फार शब्द न वापरता. कॅन्टीनमधला तो टेबल मात्र लगेच भरला नाही. आधी एक हेल्पर येऊन बसला, मग आठवड्याने आणखी दोघं.

बालाजी बसले नाहीत. कामापुरतं बोलतात. 'साहेब' म्हणणं सोडलं आहे, 'माऊली'ही म्हणत नाहीत. काहीच न म्हणता बोलतात.

शेवटच्या भेटीला ज्ञानेश्वर आले तेव्हा पित्ताच्या गोळ्या बंद झालेल्या होत्या, पण प्रश्न होताच. बालाजींनी गावाकडे घर बांधलंय, त्याच्या वास्तुशांतीची पत्रिका आली होती. बालाजींच्या बायकोने ती ज्ञानेश्वरांच्या बायकोच्या हातात दिली आणि म्हणाली, "वहिनी, सगळे या."

"सगळे म्हणजे मीपण, का?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, तुम्हाला काय वाटतं?

"जावं वाटतं. पण तिथं कंपनीचं काढलं कुणी तर?"

"काढलं तर ऐकून घ्या. तुम्ही स्वतःहून काढू नका."

ते उठले. दारापाशी थांबून म्हणाले, रात्रीची गाडी आहे, पहाटे पोचेन, म्हणजे मांडव घालायला हात लावता येईल.