घोडी सारखी पोटाकडे वळून बघते

प्रश्न : आमच्याकडे वरातीची घोडी आहे. परवा लग्नावरून आल्यावर ती पुढच्या पायाने जमीन उकरत होती, मागे वळून पोटाकडे बघत होती. कुणी म्हणालं हिंग घालून तेल पाजा, काका म्हणाले पळवा. तासाभराने लीद टाकली, मग चारा खाल्ला. पुन्हा असं झालं तर साधं दुखणं की जिवावरचं, हे कसं ओळखायचं?
– एक वाचक, धायरी

उत्तर : हा पोटशूळच. या वेळी निभावलं. पण लीद टाकली म्हणजे सुटलो, असं धरू नका. आतडं वर कुठे अडलं असलं तरी अडथळ्याच्या पुढे गेलेली लीद पडतेच.

लोळण्यावरूनही अंदाज बांधू नका. एखादी घोडी नुसत्या वायूने गोठा डोक्यावर घेते; सोशिक जनावर आतड्याला पीळ पडला तरी मान खाली घालून उभं राहतं. मी नाडी बघतो. खालच्या जबड्याच्या आतल्या कडेला बोटं सरकवा, शीर लागेल. 15 सेकंद मोजून चारने गुणा. घोडी विसावलेली असताना मिनिटाला 28 ते 44 ठोके असतात. साठाच्या वर राहिले तर सकाळची वाट बघायची नाही. हिरडी अंगठ्याने दाबून सोडा, दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. हिरडी विटेसारखी लाल किंवा जांभळट दिसली तर वाईट. कुशीला दोन्ही बाजूंनी कान लावा. गुडगुड अजिबात नसेल तर तेही वाईट.

सगळ्यांत फसवी गोष्ट म्हणजे तडफडणारी घोडी एकदम शांत होणं. घरचे देवाला नारळ फोडतात. पण अंगाला गार घाम असेल आणि नाडी धावतच असेल, तर आत जठर किंवा आतडं फुटलेलं असू शकतं.

तेल बाटलीने अजिबात नको, ते फुप्फुसात जातं. घोड्याला उलटी होत नाही. जठरात तुंबलेलं डॉक्टर नाकातून नळी घालून काढतात, तेल द्यायचं तर त्याच नळीने. पळवणंही नको. लोळायला लागली तर सावकाश फिरवा, उभी असेल तर उभी राहू द्या. चंदी (दाण्याचा खुराक), चारा बंद. आणि वरातीत पाहुण्यांना पेढे-जिलबी भरवू देऊ नका, भले कुणी रुसो.

सिंहगड रस्त्याच्या गर्दीतून डॉक्टरांना पोहोचायला वेळ लागणारच, म्हणून पहिली चिन्हं दिसताच फोन करा. नाडी किती, हिरडीचा रंग कसा, शेवटची लीद कधी पडली, हे सांगा. कुणी वेदनेचं इंजेक्शन दिलं असेल तर तेही लपवू नका. त्याने लक्षणं झाकली जातात.