आई रोज विचारते, ‘बाबा कुठे गेले?’ दरवेळी खरं सांगावं का?

तुम्ही लिहिलंय की आईंना स्मृतिभ्रंश आहे, बाबांना जाऊन दोन महिने झाले आणि दिवेलागणीला त्या “हे अजून आले कसे नाहीत?” म्हणून दारात उभ्या राहतात. आमच्या घरी हेच झालं, म्हणून लिहिते.

आम्ही बेळगावचे, वडगावातले. अण्णांचा माग होता. ते गेले तेव्हा बाराव्यापर्यंत आई सगळ्यात होती. चारच दिवसांनी म्हणाली, “तुझे अण्णा जेवले का गं?” मी खरं सांगितलं. आत्ताच कळल्यासारखी ती रडली. आठवडाभर रोज हेच. आईशी खोटं कसं बोलायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. अर्ध्या तासात ती कारण विसरायची, पण तोंड उतरलेलंच. ताटाला हात लावायची नाही.

अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजारात नव्या आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग लवकर खराब होतो. म्हणून लग्नातलं सगळं आठवतं, परवाचं मरण टिकत नाही. दुःख मात्र मागे राहतं. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात हाच भाग निकामी झालेल्या रुग्णांना करुण चित्रफिती दाखवल्या होत्या (हा अभ्यास 2010 चा). काय पाहिलं ते विसरले, तरी उदास राहिले. ते वाचलं आणि माझ्या हातून काय होत होतं ते कळलं.

पहिल्यांदा खरं सांगायलाच हवं, तो त्यांचा हक्क आहे. पण रोज नव्यानं सुतक नको. आता मी विचारते, “आठवण येते का गं त्यांची?” आणि अण्णांच्या मागाची एक कांडी हातात देते. बोटं आपोआप सूत गुंडाळायला लागतात. मग ती सांगते, नवी सून असताना तिनं भरलेल्या कांड्या सैल व्हायच्या आणि अण्णा रात्री गुपचूप परत भरायचे. हे मला कधीच माहीत नव्हतं.

कधी ती सरळच विचारते, “गेले ना गं ते?” तेव्हा मी “हो” म्हणते आणि शेजारी बसून राहते.

विचारणं एकाएकी वाढलं तर भूक, दुखणं, लघवीची जळजळ आहे का ते आधी बघा.

आणि तुमचं काय? बाबा गेले, आईही रोज थोडी थोडी जातेय. मला अण्णांसाठी रडायलाच मिळालं नव्हतं. आता रविवारी शेजारच्या काकू दोन तास आईजवळ बसतात. मी मागाच्या खोलीत जाऊन रडून घेते. कुणीच नसेल तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. फुकट आहे, रात्रीही लागतो.