चेहरा हलू देऊ नकोस

पोरी,

तू शिकवतेस त्या तिसरीतल्या पोरानं इंग्रजी शिवी हासडली, वर्ग खिदळला आणि तू गोंधळलीस. त्याच्या आजीनं तर ‘लेकरू इंग्रजी बोलायलंय’ म्हणून कौतुक केलं. परभणी-बीडकडं खरी अडचण हीच. शिवीचं वजन लेकराला मोठ्यांच्या चेहऱ्यावरून कळतं. मराठी शिवीला चुलती डोळे वटारते, कुणी धपाटा घालतं. इंग्रजी शिवीला असं काही होत नाही. मोठ्यांचंही तेच असतं. भाषेचे अभ्यासक ज्याँ-मार्क देवाले यांनी २००४ मध्ये बहुभाषिक लोकांचा अभ्यास मांडला, त्यातही सर्वांत जोरकस वाटणारी शिवी बहुधा पहिल्या भाषेतलीच निघाली.

म्हणून चेहरा हलू देऊ नकोस. हसू नकोस, दचकू नकोस. मधल्या सुट्टीत त्याला एकट्याला जवळ घे. कुठं ऐकलं, एवढंच विचार. शब्द पुन्हा वदवून घेऊ नकोस. मग एका वाक्यात सांग: ही शिवी आहे, मराठीत आजीसमोर देणार नाहीस तसली. अर्थाची फोड नको, तिसरीला एवढं पुरतं. पुन्हा बोलला तर पुन्हा हेच, याच आवाजात. आवाज चढला की पहिलं सगळं वाया.

दंडाची पेटी ठेवू का, म्हणतेस. कशाला? पोरं चहाड्या करतील आणि चहाडीच्या निमित्तानं तोच शब्द मजेत दहादा बोलतील. याला कुणी मवाळपणा म्हणेल, म्हणू दे. छडीला भिऊन शिवी वर्गातून फक्त शाळेमागच्या लिंबाखाली जाते.

आता फोन, असले शब्द तिथूनही कानावर येतात. यूट्यूबचा रिस्ट्रिक्टेड मोड, म्हणजे नको ते व्हिडिओ लपवायची सोय, प्रत्येक फोनवर वेगळा लावावा लागतो. आईच्या फोनवर लावला आणि पोरगं काकाच्या फोनवर बसलं, तर काय उपयोग? शिवाय तो व्हिडिओ गाळतो, तेही सगळे नाही. गेममधल्या गप्पांशी त्याचा संबंध नाही. बीजीएमआय या मोबाइलवरच्या लढाईच्या गेममध्ये माइक आणि स्पीकर यांची बटणं वेगळी आहेत. घरचे माइक बंद करून निर्धास्त होतात. त्यानं पोराचा आवाज तिकडं जात नाही, तिकडच्या शिव्या मात्र कानावर येतच राहतात. गेममधला स्पीकर बंद करायला हवा.

पालकसभेला आयांसोबत त्या काकालाही बोलाव, फोन घेऊन ये म्हण. ते स्पीकरचं बटण त्यालाच दाखवायचंय. आणि त्यानं तिथं तो शब्द उच्चारलाच, तर तिथंही चेहरा हलू देऊ नकोस.