ज्यूस प्यायला म्हणून कोशिंबीर सोडायची का?

ताई, तुमच्या सासऱ्यांचं वाचलं. रोज सकाळी रंकाळ्यावर फिरून येताना गाडीवरचा गाजर-बीट-दुधीचा ग्लासभर ज्यूस, आणि मग दुपारी "भाजी सकाळीच पोटात गेलीय की" म्हणून ताटातली काकडी-गाजर बाजूला सारायची, त्यात शुगर बॉर्डरला. भाजीचं काम ज्यूसनं होतं का, तर अर्धं होतं, पण शुगरवाल्याला जे अर्धं पाहिजे नेमकं तेच गाडीवाल्याच्या बादलीत चोथ्याबरोबर जातं.

हिशोब बघा. एका ग्लासाला साधारण अर्धा किलो गाजर लागतं. तेवढ्या गाजरात 14 ग्रॅमच्या आसपास फायबर असतं, आणि आपल्याला दिवसाला साधारण 30 ग्रॅम लागतं म्हणतात, म्हणजे निम्म्याचा प्रश्न तिथंच मिटला असता, पण ज्यूसरमधनं काढल्यावर त्यातलं बहुतेक चोथ्यात राहतं. साखर मात्र ग्लासात येते, नुसत्या गाजराची धरली तरी 10 ग्रॅमच्या आसपास, बीट टाकलं की अजून वाढते. नैसर्गिक साखर आहे हो, पण अडवायला फायबर नाही म्हटल्यावर रक्तात पटकन जाते. अर्धा किलो गाजर चावत बसलं तर जबडा दमतो आणि पोट पण भरतं, ग्लास दोन मिनिटात रिकामा आणि माणूस वर पोहे खायला मोकळा.

पण ज्यूसला नुसतं वाईट म्हणणारे पण अर्धवट सांगतात. गाजरातलं बीटा कॅरोटीन, ज्याचं शरीरात व्हिटॅमिन ए होतं, ते कच्च्या गाजराच्या पेशींत अडकून असतं, नीट चावलं नाही तर बरंचसं तसंच बाहेर जातं. ज्यूस काढताना किंवा शिजवताना त्या पेशी फुटतात म्हणून ते जास्त लागू पडतं, फक्त सोबत थोडं तेल-तूप पाहिजे. बीटातलं नायट्रेट पण ज्यूसमध्ये उतरतं, त्यानं बीपी थोडं खाली येतं हे खरं आहे (लघवी लाल दिसली तर घाबरू नका, बीटाचा रंग असतो). व्हिटॅमिन सी मात्र काढून ठेवलेल्या ज्यूसमध्ये कमी होत जातं, त्यामुळं बाटलीत भरून घरी आणत असतील तर ते बंद करा.

माझं मत विचाराल तर किसणी काढा. मंडईतनं ताजं गाजर आणायचं, किसायचं, दही, शेंगदाण्याचं कूट, वरनं मोहरीची फोडणी. पेशी फुटल्या, तेल मिळालं, चोथा पण पोटात गेला, आणि दात हलत असतील तरी खाता येतं. भाकरी-खर्ड्याबरोबर कच्ची मेथी, कांद्याची पात, मुळा हे तर आपल्याकडं पहिल्यापासनं चालतंच, त्याला कोण सॅलड म्हणत नव्हतं एवढंच. ज्यूसची सवय सुटतच नसेल तर घरी मिक्सरला लावून न गाळता अर्धा ग्लास द्या, साखर नाही, आणि काकडी-टोमॅटो जास्त, बीट कमी.

आता दुधीचं, हे नीट वाचा. दुधी कापला की आधी कच्चा तुकडा जिभेला लावून बघायचा, कडू लागला तर सगळा फेकायचा, शिजवून पण खायचा नाही. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाचं विष असतं, उलट्या, रक्ताच्या उलट्या, बीपी एकदम खाली, आणि 2010 साली दिल्लीत असा ज्यूस पिऊन एक जण दगावला होता, त्यानंतर आयसीएमआरच्या (सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) समितीनं पण हेच सांगितलं. गाडीवर दुधी कोण चाखून बघतंय? आणि गाजर-बीटात मिसळल्यावर कडूपणा कळायचा पण नाही. गाडीवरचा दुधी उद्यापासनंच बंद करायला लावा, बाकीचं नंतर बघू.

आणि त्यांना मुतखडा, किडनीचा त्रास किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का ते सांगा, कारण पालकाचा ज्यूस पण घेतात म्हणालात, तसं असेल तर आधी डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नका.