होमस्टेचे दर बदलले, पण पाहुण्यांना जुनेच दिसतात. कॅशे कशी साफ करू?

तुम्ही लिहिलंय की वर्डप्रेसवर दर बदलले, तुमच्या लॅपटॉपवर नवे दिसतात, पण पाहुणे फोन करून जुनेच दर सांगतात. कंट्रोल-शिफ्ट-आर दाबूनही उपयोग झाला नाही. होणारच नव्हता. कॅशे म्हणजे पान लवकर उघडावं म्हणून साठवून ठेवलेली प्रत. ती अनेक ठिकाणी असते, आणि त्या बटणांनी फक्त तुमच्या ब्राउझरपुरतं पान नव्याने येतं.

शिवाय तुम्ही साइटवर लॉगिन केलेले असणार. बहुतेक कॅशे प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडलेले छोटे प्रोग्राम, लॉगिन केलेल्या माणसाला साठवलेलं पान देत नाहीत, ताजं बनवून देतात. त्यामुळे मालकाला सगळं छान दिसतं आणि गिऱ्हाईक जुनं पान बघत बसतं. आधी मोबाइलचं वायफाय बंद करा, इन्कॉग्निटो खिडकीत साइट उघडा. जुने दर दिसले तर त्याच पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि कुठलाही आकडा टाकून पुन्हा उघडा. आता नवे दिसले, तर पानाची जुनी प्रत मधे कुठेतरी साठलेली आहे हे नक्की.

आता साफसफाई. क्रम महत्त्वाचा: आतून बाहेर. प्रथम वर्डप्रेसचा प्लगइन. लाइटस्पीड कॅशे असेल तर 'पर्ज ऑल', डब्ल्यूपी सुपर कॅशे असेल तर 'डिलीट कॅशे'. मग होस्टिंगच्या, म्हणजे साइट जिच्या सर्व्हरवर ठेवली आहे त्या कंपनीच्या, पॅनेलमध्ये वेगळी कॅशे असेल तर ती. आणि शेवटी क्लाउडफ्लेअरसारखं सीडीएन, म्हणजे साइटच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवून पाहुण्याला जवळून देणारी सेवा. उलट केलंत तर सीडीएन रिकामं होतं आणि लगेच सर्व्हरकडून तीच शिळी प्रत पुन्हा भरून घेतं. मग माणूस म्हणतो, "सगळं साफ केलं तरी काही होत नाही."

क्लाउडफ्लेअरबद्दल एक गोष्ट. वेगळे नियम लावले नसतील तर ते पानाचं एचटीएमएल, म्हणजे मजकूर असलेलं मूळ पान, साठवत नाही. फोटो, सीएसएस (पानाच्या सजावटीची फाइल), जावास्क्रिप्ट, पीडीएफ मात्र साठवतं. म्हणजे तुमचे दर पानावर मजकुरात असतील तर दोष बहुधा प्लगइनचा. दरपत्रकाचा फोटो किंवा पीडीएफ लावला असेल तर संशय क्लाउडफ्लेअरवर घ्या. तिथे 'कस्टम पर्ज'मध्ये त्या एकाच फाइलचा पत्ता देता येतो, सगळं पुसायची गरज नाही.

एवढं करूनही काही पाहुण्यांना जुनंच दिसेल, आणि खरी अडचण हीच आहे. पाहुण्याच्या फोनमधली कॅशे तुम्ही इथे बसून साफ करू शकत नाही. छापील दरपत्रक खिशात घालून गेलेल्या माणसाच्या खिशातला कागद बदलता येत नाही, तसंच. सर्व्हरने फोटोसोबत 'मॅक्स-एज ३१५३६०००' असं कळवलं असेल, तर तेवढे सेकंद, म्हणजे पूर्ण वर्षभर, ब्राउझर ती प्रत न विचारता वापरू शकतो.

यावर खात्रीचा इलाज एकच: फाइलचं नाव बदला. जुन्याच नावाने नवी फाइल चढवू नका. नावात महिना-वर्ष घाला आणि पानावरची लिंक बदला. ब्राउझरच्या लेखी ती वेगळी फाइल, त्यामुळे तो मुकाट्याने नवी आणतो. सीएसएस फाइलच्या पुढे प्रश्नचिन्ह आणि आवृत्तीचा आकडा दिसतो ना, तोही याचसाठी. फाइलींना वर्षाची मुदत राहू द्या, साइट वेगात उघडते. पानाला मात्र 'नो-कॅशे' लावून घ्या. त्यात ब्राउझर प्रत ठेवतो, पण दाखवण्याआधी सर्व्हरला विचारतो.

माझं मत विचाराल तर दरपत्रक फोटोत ठेवूच नका. साधा तक्ता टाका. फोनवर वाचताही येतो.

आणि जुनी पीडीएफ घाईने पुसू नका. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या जुन्या लिंका अजून कुणीतरी उघडत असेल आणि त्याला 'पान सापडलं नाही' असं दिसेल. त्या पत्त्यावरून दरांच्या पानाकडे रीडायरेक्ट लावा, म्हणजे जुनी लिंक उघडणारा आपोआप तिथे पोचेल, आणि यापुढे पाहुण्यांना पीडीएफऐवजी त्या पानाचीच लिंक पाठवा.