वाचकांचे प्रश्न : चाप न ओढता सुटलेली गोळी

प्रश्न : मी अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो आणि लक्ष्यभेदाची हौस म्हणून माझ्या बोल्ट-अ‍ॅक्शन (दर गोळीला बोल्ट हाताने मागे-पुढे करावा लागणाऱ्या) रायफलीची .३०-०६ मापाची काडतुसे गेली सात वर्षे घरीच पुन्हा भरतो. अलीकडे एम-१ गॅरंड ही अर्ध-स्वयंचलित रायफल घेतली आणि तीच काडतुसे तिच्यात वापरली. एक काडतूस हाताने चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्यात ठेवून बोल्ट (तो कप्पा मागून बंद करणारा भाग) सोडला, तर चापाला बोट लागलेले नसताना गोळी सुटली. नळी मातीच्या बांधाकडे होती, म्हणून निभावले. दोष रायफलीचा की काडतुसांचा?

उत्तर : दोष दोन्हीकडे असू शकतो. म्हणून त्या खेपेतील उरलेली काडतुसे आधी बाजूला काढा आणि रायफल जाणकार कारागिराकडून तपासून घेतल्याशिवाय पुन्हा चालवू नका. फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आदळणारी सुई), बोल्ट आणि हेडस्पेस (चेंबरमध्ये काडतुसाला मिळणारी लांबीची जागा) या तीन गोष्टी त्याला मुद्दाम पाहायला सांगा.

१९३६ साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेल्या या रायफलीत फायरिंग पिन मोकळी असते, म्हणजे तिला मागे धरून ठेवणारी स्प्रिंग नसते. बोल्ट वेगाने पुढे येऊन थांबला, की पिन स्वतःच्या गतीने थोडी पुढे सरकते आणि प्रायमरला, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीला, हलकी टिचकी मारते. न उडालेले काडतूस बाहेर काढून पाहिलेत, तर प्रायमरवर त्या टिचकीचा बारीक ठसा दिसेल. एआर-१५ या अर्ध-स्वयंचलित रायफलीमध्येही तो दिसतो. प्रायमर योग्य कठीण असेल आणि नीट बसलेला असेल, तर तो ही टिचकी सोसतो. त्यातच तुम्ही काडतूस हाताने चेंबरमध्ये ठेवले होते. क्लिपमधून (काडतुसे एकत्र धरणाऱ्या पत्र्याच्या चिमट्यातून) काडतूस ओढून नेताना बोल्टचा वेग थोडा कमी होतो, तो इथे झाला नाही आणि बोल्ट पूर्ण जोराने आदळला. एकच गोळी झाडायची असली, तरी या रायफलीत काडतूस थेट चेंबरमध्ये ठेवून बोल्ट सोडू नये. एकेक काडतूस भरण्यासाठी मिळणारी क्लिप वापरावी.

आता काडतुसांकडे वळू. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीत बोल्ट आपण हाताने मिटवतो, त्यामुळे पुंगळी (काडतुसाचे धातूचे कवच) जराशी जाड किंवा लांब असली, तर ते तळहाताला लगेच कळते आणि आपण थांबतो. अर्ध-स्वयंचलित रायफलीत स्प्रिंगला असे काही कळत नाही, ती अडलेले काडतूसही जोराने आत ठोकते. बोल्ट पूर्ण मिटण्याआधीच ते उडाले, तर दाब मागच्या बाजूने फुटतो, रायफल मोडते आणि चेहरा, हात, डोळे धोक्यात येतात. म्हणून जी खात्री तिकडे हात देतो, ती इथे गोळी भरण्यापूर्वी टेबलावर बसून करून घ्यावी लागते. तुमच्या पत्रावरून असे वाटते, की तुम्ही पुंगळीची केवळ मान आवळत असाल. एकाच बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीसाठी ती रीत चालते, गॅरंडसाठी चालत नाही. इथे प्रत्येक पुंगळी पूर्ण लांबीच्या डायमधून (पुंगळी दाबून मापात आणणाऱ्या साच्यातून) काढून, तिचा खांदा (मानेखालचा उतरता भाग) त्याच रायफलीत उडालेल्या पुंगळीच्या मानाने इंचाचे ३ ते ५ हजारावे भाग मागे गेला आहे की नाही, हे गेजने मोजावे. खांदा त्याहून फार मागे लोटणेही घातक आहे, कारण मग पुंगळी दर वेळी ताणली जाते आणि बुडाच्या थोडी वर आतून झिजून अखेर तुटते. टोक वाकवलेली बारीक तार आत घालून भिंतीवरून वर ओढून पाहा. खाच लागली, तर ती पुंगळी भंगारात टाका, तिच्या किमतीचा विचार करू नका.

प्रायमर पुंगळीच्या बुडापेक्षा किंचित आत बसलेला असलाच पाहिजे. प्रत्येक काडतुसाच्या बुडावरून बोट फिरवा, उंचवटा जाणवला तर ते वापरू नका. लष्करी पुंगळ्यांमध्ये प्रायमरभोवती धातू दाबून बसवलेला असतो. तो आधी काढला नाही, तर नवा प्रायमर पूर्ण खाली जात नाही. मऊ कपाचे प्रायमर बोल्ट-अ‍ॅक्शनमध्ये उत्तम चालत असले, तरी मोकळ्या पिनच्या रायफलीत मी ते वापरू देणार नाही. लष्करी धर्तीच्या कठीण कपाचे प्रायमर बाजारात वेगळे मिळतात, तेच घ्या.

दारूचे वजन मी या सदरात देत नाही, ते चालू आवृत्तीच्या छापील पुस्तिकेतूनच घ्यावे, आणि तेही गॅरंडसाठी स्वतंत्र दिलेल्या तक्त्यातून. सावकाश जळणारी दारू चेंबरच्या दाबाच्या मर्यादेत असूनही गॅस-छिद्रापाशी (नळीतला गॅस बाहेर घेणाऱ्या छिद्रापाशी) जास्त दाब देते आणि त्या गॅसने बोल्ट मागे नेणारा ऑपरेटिंग रॉड वाकतो. शिकारीसाठी बनवलेल्या काही तयार काडतुसांनीही हेच होते.

प्रश्न : मी सैन्यातून निवृत्त झालो आहे, मुक्काम सातारा. आम्ही वर्षानुवर्षे एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल) वापरली, पण असा प्रकार कधी पाहिला नाही. माझ्याकडे परवान्याची रायफल आहे. तिची काडतुसे घरी भरता येतील का?

उत्तर : एसएलआरच्या फायरिंग पिनला मागे ढकलणारी स्प्रिंग असते, त्यामुळे बोल्ट मिटताना पिन सहजासहजी प्रायमरपर्यंत पोहोचत नाही. शिवाय तुम्हाला मिळणारी काडतुसे कारखान्यात तपासून आलेली होती. आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना हे काम १८६९ पासून करत आला आहे.

घरी भरण्याबद्दल माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. रायफल बाळगण्याचा परवाना हा दारूगोळा बनवण्याचा परवाना नव्हे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार त्यासाठी वेगळा परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. काडतुसे परवानाधारक विक्रेत्याकडूनच, परवान्यावर लिहिलेल्या संख्येइतकीच घ्यावीत आणि रिकाम्या पुंगळ्यांचाही हिशेब ठेवावा.